खडा घेताना ‘कुठला?’ हे विचारायचं कसं

घटप्रभेकडनं वाळूचा डंपर येताना कुणी हात केला की ड्रायव्हर आधी पास काढून दाखवतो, वाळू कुठनं उचलली, रॉयल्टी भरली का, सगळं त्या कागदावर असतं (खरं असतं का ते सोडा). आणि त्याच रस्त्यानं आपण बेळगावला येऊन चाळीस हजाराचं माणिक घेतो, बोटात घालतो, आणि ते जमिनीतनं कुठं निघालं, कुणी काढलं ह्याचा एक चिटोरा पण मागत नाही. मी स्वतः शहापूरला छोट्या सराफी दुकानात बसतो, बाबांच्या वेळेपासनं आहे, आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत ‘हा खडा कुठला ओ?’ असं विचारणारी गिऱ्हाईकं बोटावर मोजण्याएवढी. भाव सगळे विचारतात, रती सगळे विचारतात, गुण येईल का हे तर पहिलं विचारतात. म्हणून म्हटलं एकदा लिहूया, विचारायचं काय, उत्तर आलं की त्याचं करायचं काय, आणि आमच्यासारख्या छोट्या दुकानदारांनी आपल्या बाजूनं काय काय करायला पाहिजे.

आधी एक गैरसमज. अंगठीवर हॉलमार्क आहे, आकडे-अक्षरं मिळून सहा खुणांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख-नंबर) आहे, म्हणजे खडा पण चांगलाच असणार, असं लोक धरून चालतात. नाही ओ. हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेचा, खड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुसरं म्हणजे किंबर्ली प्रोसेस (लढायांना पैसा पुरवणारे हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून केलेली देशादेशांची व्यवस्था), हे नाव टीव्हीवर ऐकलेलं असतंय, त्यामुळं कुणी ‘आमचा सगळा माल किंबर्लीवाला’ म्हटलं की आपण गप्प बसतो. ती व्यवस्था २००३ ला सुरू झाली आणि ती फक्त कच्च्या हिऱ्यांसाठी आहे. माणिक, नीलम, पाचू, गोमेद ह्यांना ती लागूच नाही. तेव्हा रंगीत खड्याला जो दुकानदार किंबर्ली दाखवतोय त्याला एकतर माहीत नाही, नाहीतर तुम्हाला माहीत नाही हे त्याला माहीत आहे.

दुकानात बसल्यावर

तीनच गोष्टी विचारा. खडा कुठल्या देशातला. त्याच्यावर काय केलंय. आणि हे बिलावर लिहून देता का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तोंडानं काय कुणीही काश्मीर पण सांगेल आणि बर्मा पण सांगेल, पेन उचलायची वेळ आली की मग खरा माणूस कळतो.

पहिल्या प्रश्नाला ‘माहीत नाही, जयपूरच्या लॉटमधनं आलाय’ असं उत्तर आलं तर रागावून उठू नका. खोटं ‘बर्मा’ सांगणाऱ्यापेक्षा हा बरा. आमच्याकडं एकदा एका व्यापाऱ्याला फोनवर विचारलं की ह्या माणकांचा देश कुठला लिहू, तर तो म्हणतोय, ‘बर्मा लिख दो ना सेठ, कस्टमर खुश हो जाएगा.’ तेव्हापासनं मी फोनवर विचारायचं सोडलं, व्हॉट्सअ‍ॅपवरच विचारतो, म्हणजे उत्तर लेखी राहतंय आणि समोरचा पण दोनदा विचार करून टाइप करतोय. निम्मे लोक तर उत्तरच देत नाहीत, मग ते पण एक उत्तरच झालं म्हणायचं.

दुसरा प्रश्न, काय केलंय. बाजारातल्या बहुतेक माणिक-नीलमाला भट्टीत तापवलेलं असतं, त्यात लपवायचं काय नाही, रंग उघडतो, जाळं कमी होतं, आणि ते कायमचं असतं. पाचूच्या चिरांत तेल नाहीतर राळ भरतात, ते पण सर्रास चालतं, फक्त ती अंगठी अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकायची नाही. पण काच भरलेलं माणिक ही वेगळीच भानगड. साधारण २००४ पासनं हा माल बाजारात भरपूर यायला लागला. फुटकं, चिरा पडलेलं, खरं म्हणजे टाकाऊ कुरुंद (माणिक ज्या खनिजाचं असतं ते) घ्यायचं, चिरांत शिशाची काच वितळवून भरायची, आणि मग ते एकदम लालबुंद स्वच्छ दिसतंय. हा खडा कमी पैशात विकला आणि सांगून विकला तर माझी हरकत नाही. अडचण न सांगण्यात आहे.

आमच्याच दुकानातली गोष्ट. खानापूरकडच्या एक काकू अंगठी वाढवून घ्यायला आल्या, खडा दुसरीकडनं घेतलेला, चांगला टपोरा, म्हणाल्या ‘पिढीजात सराफाकडचा हाय, बघून कर बाबा.’ मी भिंग लावून बघितलंच नाही, सीझन होता, तशीच कारागिराकडं दिली. त्यानं टाका मारला, मग झाळणीचं काळं काढायला ॲसिडच्या पाण्यात टाकली. बाहेर काढली तर माणकावर पांढरट रेघांचं जाळं, जसं तडा गेलेल्या बशीवर असतंय तसं. शिशाची काच ॲसिडनं खाऊन टाकली होती. लिंबाच्या रसानं पण त्या काचेवर परिणाम होतो, आता बघा, आपल्याकडं चांदी-सोनं उजळायला लिंबू लावायची सवय किती घरांत आहे. चूक आमची पण होतीच, त्यांना दुसरा खडा बसवून दिला. पण त्या काकूंचा चेहरा अजून डोळ्यापुढं येतो, त्यांना पैशाचं नव्हतं वाईट वाटलं, ‘मग एवढी वर्षं मी घातलं होतं ते काय होतं?’ असं विचारत होत्या.

तुम्हाला घरी बघायचं असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग ऑनलाइन मिळतं, तीन-चारशे रुपयांत कामचलाऊ येतं. खडा दिव्याखाली धरून हळूहळू फिरवायचा. चिरांच्या पातळीवर निळसर नाहीतर नारिंगी झाक चमकून गेली, आत गोल गोल बुडबुडे दिसले, तर काच भरलेली आहे असं समजा आणि सरळ विचारा. खात्री लॅबमध्येच होणार, पण विचारायला तरी हातात काहीतरी पाहिजे की.

बिलावर काय लिहून घ्यायचं ते एक नमुनाच देतो, आम्ही असं लिहितो: ‘नैसर्गिक माणिक, १ नग, ३.१२ कॅरेट, मोझांबिक (पुरवठादाराच्या सांगण्यावरून), तापवलेलं, काच भरलेली नाही.’ एवढी एक ओळ. बिल कन्नडमध्ये असू दे, मराठीत असू दे नाहीतर इंग्रजीत, तुम्हाला वाचता येईल असं पाहिजे. सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि खड्याचं वेगळं, नाहीतर खडा सोन्याच्या भावानं तोलून घ्याल. वजन कॅरेटमध्येच मागा, एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जगभर तेवढंच. रती मात्र दुकानागणिक सरकते, कोण ०.९१ कॅरेट धरतो, कोण स्वतःच्या सोयीनं.

लॅबच्या रिपोर्टबद्दल थोडक्यात. मुंबई, जयपूरला चांगल्या लॅब आहेत, महागडा खडा असेल तर करून घ्याच, आणि रिपोर्टचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून वजन-माप जुळतंय का बघा. रिपोर्टवर देश लिहिलेला असला तरी ते लॅबचं मत असतं, आणि देश कळला म्हणून खाणीत कोण राबलं हे कळत नाही. लोक हे दोन्ही एकच धरतात.

देशाचं नाव कळलं, मग पुढं?

बर्मा, म्हणजे म्यानमार. तिथल्या मोगोक भागातलं माणिक म्हणजे शेवटचा शब्द, हे आमच्या आजोबांपासनं ऐकत आलोय, आणि दिसायला ते खरंच तसं असतं. पण तिथला रत्नांचा धंदा वर्षानुवर्षं लष्कराच्या मुठीत राहिलाय. अमेरिकेनं २००८ ला बर्मी माणिक आणि जेडवर (हिरवा शोभेचा दगड) बंदी घातली, २०१६ ला उठवली, मग २०२१ ला लष्करानं परत सत्ता घेतली आणि तिथल्या सरकारी रत्न कंपनीवर निर्बंध आले. जुलै २०२० मध्ये फाकांतच्या जेड खाणीत मातीचा ढिगारा घसरून १७० च्या वर माणसं गेली, मोठ्या मशिनींनी टाकलेल्या ढिगाऱ्यात उरलेसुरले तुकडे वेचणारी गरीब माणसं होती ती. म्हणून ‘नवा बर्मा माल आलाय’ असं कोण सांगत असेल तर मी घेत नाही, खरा असला तरी नाही आणि खोटा असला तर प्रश्नच नाही. आजीच्या कुड्यातलं बर्मा माणिक वेगळं, त्याचे पैसे आज कुणाच्या बंदुकीला जात नाहीत.

मोझांबिक. मोंतेप्वेझला २००९ ला माणिक सापडलं आणि बघता बघता बाजार भरून गेला. इथली मोठी खाण कंपनी चालवते, कागदपत्र असतात, लिलाव होतात, म्हणून लोक म्हणतात हा माल स्वच्छ. थोडं थांबा. त्याच खाणीच्या आसपास लोकांना मारहाण झाली, घरं जाळली असे आरोप झाले, खटला लंडनला गेला आणि २०१९ ला ती खाण चालवणाऱ्या जेमफिल्ड्स कंपनीनं जबाबदारी मान्य न करता ५८ लाख पौंडांत समझोता केला. म्हणजे मोठी कंपनी म्हणून डोळे झाकायचे नाहीत, पण एक फरक आहे, तिथं निदान कुणावर तरी खटला भरता आला. ज्या मालाला नाव ना गाव तिथं कुणाच्या दारात जाणार?

श्रीलंकेचं मला आवडतं. रत्नपुरा भागात अजून छोट्या छोट्या विहिरीसारखे खड्डे खणतात, बाजूनं लाकडाचे टेकू, खालची खडी वर काढायची, टोपलीत पाण्यानं धुवायची. परवाना लागतो, त्यासाठी अनामत ठेवावी लागते, काम झाल्यावर खड्डा बुजवायचा. खड्डा खणणाऱ्यांना मालात वाटा असतो, आपल्याकडं शेत वाट्यानं करतात तसंच म्हणा ना. सगळं दूध-साखर आहे असं नाही, बिनपरवाना खोदकाम तिथं पण होतं, पण नीलम नाहीतर पुष्कराज घ्यायचाच असेल आणि श्रीलंकेचा कागद मिळत असेल तर मी तो आधी बघतो.

आणि मादागास्कर, नीलमाचा मोठा साठा. १९९८ ला इलाकाकाला नीलम सापडला आणि माळरानावर गावच्या गाव उभं राहिलं, २०१६ ला बेमेंटीच्या राखीव जंगलात हजारो लोक घुसले, झाडं तोडून ओढ्याकाठ उकरली. आपल्या कणकुंबी-जांबोटीच्या जंगलात उद्या कुणाला नीलम सापडला तर काय होईल ते डोळ्यापुढं आणा. त्या उकरणाऱ्या माणसाला शिव्या देऊन पण उपयोग नाही, त्याच्या घरात चूल पेटायची असते. रंगीत खड्यांचा बहुतेक माल जगात अशीच हातानं खणणारी माणसं काढतात, म्हणून ‘हातानं काढलेला माल घेणारच नाही’ असं म्हणणं म्हणजे त्यांच्याच पोटावर पाय. टांझानियात बायकांच्या गटांकडनं थेट खडे घ्यायचा मोयो जेम्स म्हणून एक उपक्रम आहे, तसला माल अजून आपल्या बाजारात दिसत नाही पण जयपूरच्या व्यापाऱ्याला विचारायला काय जातंय.

खाणीवरच थांबू नका, पैलू कुठं पाडले ते पण बघा. गुजरातमधल्या खंबातला अकीक (माळांचा स्वस्त दगड) घासणाऱ्या लोकांना सिलिकोसिस होतो, दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि परत निघत नाही, आणि घासायचं काम घराघरांत चालत असल्यामुळं कामाला न जाणारी घरची माणसं पण सापडतात. दीडशे रुपयांची अकीकाची माळ सौंदत्तीच्या जत्रेत हातात घेतली की मला आता ते आठवतंय. पाणी सोडून घासलं, धूळ ओढणारा पंखा बसवला तर धूळ बरीच कमी होते, म्हणून व्यापाऱ्याला विचारायचं, ‘घासाई ओली का सुकी?’ एवढ्या प्रश्नानं पण त्याला कळतंय की गिऱ्हाईक बघायला लागलंय.

पोवळ्याचं वेगळं सांगतो

मंगळाचं पोवळं म्हणून सगळ्यात जास्त खपतं ते हेच, आणि हा दगड नव्हेच, जिवंत प्राण्याचा सांगाडा आहे. चांगलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, इटलीत त्याला घाट देतात. त्याच्या फांदीची जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटर पण वाढत नाही, म्हणजे आठ मिलिमीटर रुंद खडा हवा तर ती फांदी पंधरा-वीस वर्षांच्या वरचीच असणार. युरोपनं १९९४ ला समुद्राचा तळ खरवडणाऱ्या लोखंडी क्रॉसवर बंदी घातली, आता परवाना असलेल्या पाणबुड्यानं, ५० मीटरच्या खाली जाऊन, हातानं काढायचं असा नियम आहे. म्हणून आयातीचं बिल असलेलं, लहान आकाराचं पोवळं घ्या. मोठंच पाहिजे म्हणून गुरुजींनी सांगितलं असेल तर गुरुजींना परत एकदा विचारून बघा, बहुतेक वेळा रती खाली येते असा माझा अनुभव आहे!

आणि हे मात्र कान उघडून ऐका. रविवारी आंबोलीतनं मालवणला जाता, चोर्ल्यानं गोव्याला जाता, तिथं किनाऱ्यावर पांढऱ्या फांद्यांचं पोवळं, समुद्रपंखा, काळं पोवळं कुणी हळूच विकत असेल तर हात लावू नका. खडक बांधणारी पोवळी, काळं पोवळं, समुद्रपंखे हे २००१ पासनं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. हत्तीच्या केसाची अंगठी पण त्यातच येते बरं का. २०२३ ला कर्नाटकात वाघनखाच्या लॉकेटवरनं वनखात्यानं धरपकड केली तेव्हा किती जणांनी गळ्यातलं काढून कपाटात टाकलं ते आम्ही दुकानात बसून ऐकलंय.

घरातला खडा आधी बघा

सगळ्यात कमी पापाचा खडा म्हणजे जो आधीच जमिनीच्या वर आहे तो. आजीची नथ, आईच्या मोडक्या कुड्या, मामांची घासून बोथट झालेली पुष्कराजाची अंगठी, हे सगळं मोडीत घालताना सोन्याचे पैसे मिळतात आणि खडे काढून पुडीत हातात देतात, नाहीतर ते पण देत नाहीत. मोडायच्या आधीच सांगा, खडे माझ्यासमोर काढा आणि मोजून द्या. कडा झिजल्या असतील तर परत पैलू पाडून मिळतात, वजन थोडं घटतं, ते किती घटणार हे आधी विचारून लिहून घ्या, पण चमक अशी येते की घरचीच माणसं ओळखत नाहीत.

फक्त जुनं म्हणजे अस्सल असं धरू नका. फ्रान्सच्या वर्नेयनं भट्टीत माणिक करायची रीत १९०२ ला जाहीर केली, पुढं ती कृत्रिम माणकं जगभर विकली गेली, त्यामुळं पणजीच्या नथीतला लाल खडा कारखान्याचा असू शकतो. भिंगाखाली ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेघा दिसतात त्यात. म्हणून काय ती नथ टाकायची नाही, पणजीनं घातली होती ना. आणि नवीन घेताना पण, फक्त रंगासाठी, साडीवर घालायला पाहिजे असेल तर लॅबमध्ये बनवलेला खडा घ्या की, स्वस्त पडतो, त्याच्यासाठी कुणाला खाणीत उतरावं लागत नाही. भट्टीला वीज लागतेच, ते पण आहे. बिलावर ‘कृत्रिम’ असं स्पष्ट लिहिलेलं असलं की झालं.

आता आमच्या धंदेवाल्यांसाठी

मोठमोठी सर्टिफिकेट, रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिल वगैरे (२०१९ पासनं त्यांच्या नियमांत रंगीत खडे पण आलेत), हे शहापूरच्या, निपाणीच्या, संकेश्वरच्या छोट्या दुकानाला परवडायचं नाही, मला पण नाही. पण पुडी सगळ्यांना परवडते. खडे ज्या पुडीत आले त्या पुडीवरच तारीख, कुणाकडनं, बिल नंबर, वजन, देश काय सांगितला, काय केलंय, हे पेननं लिहायचं आणि दोन पुड्या कधी एकत्र करायच्या नाहीत. तेच एका वहीत. बास. मोठे लोक ट्रेसेबिलिटी म्हणतात ती हीच. एकदा डब्यात ओतलं की मग देवाला पण सांगता येत नाही कुठला खडा कुठला.

ॲसिडचं पाणी गटारीत ओतायचं नाही, त्यात तांबं उतरलेलं असतं, साठवून रिफायनरीवाल्याला द्या. केडीएमचा, म्हणजे कॅडमियम घातलेला टाका कुणी अजून मारत असेल तर बंद करा, कॅडमियमचा धूर आपल्याच कारागिराच्या छातीत जातो. आमचा बंगाली कारागीर आधी म्हणायचा ‘कुछ नहीं होता’, आता एग्झॉस्ट बसवल्यावर तोच म्हणतो की संध्याकाळी डोकं दुखत नाही.

माझं स्वतःचं पाप पण सांगून टाकतो. चार-पाच वर्षांपूर्वी तीन वेगवेगळ्या खरेदीतले गोमेद मी एका डब्यात ओतले, जागा वाचवायला. एक श्रीलंकेचा लॉट होता, एक ओडिशाचा, तिसरा आता आठवत पण नाही. पुढं वही सुरू केली तेव्हा ह्या डब्याचं काय करायचं ते कळेना, शेवटी झाकणावर चिठ्ठी चिकटवली, ‘गोमेद, देश माहीत नाही’, आणि बिलावर पण तसंच लिहितो. पहिले दोन-तीन महिने एक पण गेला नाही, लोक झाकण वाचून शेजारचा डबा मागायचे. मग भाव थोडा उतरवला. गेल्या आठवड्यात कडोलीच्या एका मुलानं त्यातलाच एक घेतला, म्हणाला ‘निदान खरं लिहिलायसा.’ डब्यात अजून चौदा आहेत.